रंगाऱ्याची निळाई आणि प्रथिनांचे माप

दक्षिण दिल्लीतील मुनिरका गावाजवळ जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर पसरला आहे. त्याच्याच शेजारी १९८१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी प्रथिनांचे माप ही नित्याची गरज असते. प्रथिनयुक्त लसीची मात्रा ठरवायची, तर तिच्यात प्रथिन किती, हे आधी ठाऊक हवे. हा हिशेब चुकला की पुढचे सारे निष्कर्ष डळमळतात. परंतु पाण्यात विरघळलेले प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. मग ते मोजावे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर रंगाऱ्याच्या कुंडातून आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या लेव्हिन्स्टाइन कारखान्याने लोकरीच्या रंगांना ‘कुमासी’ हे व्यापारी नाव दिले. कुमासी ही पश्चिम आफ्रिकेतील अशांती राज्याची राजधानी. १८९६ साली इंग्रजांनी ती व्यापली आणि राजा प्रेम्पे याला हद्दपार केले. राजा परागंदा झाला. नगराचे नाव रंगाच्या डब्यांवर राहिले.

लोकर हे मुळात प्रथिनच होय. तेव्हा लोकरीला घट्ट धरणारा रंग इतर प्रथिनांनाही धरील, हे ओघानेच आले. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो प्रथिनांच्या अभ्यासात आणला, आणि १९७६ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी त्यावरून मोजमापाची सुटसुटीत पद्धत सिद्ध केली.

आम्लात हा रंग तांबूस-तपकिरी असतो. प्रथिनाला चिकटताच निळा होतो. त्याच्या प्रकाशशोषणाचे शिखर ४६५ नॅनोमीटरवरून ५९५ वर सरकते. प्रथिन जितके अधिक, तितकी निळाई गडद व तितका प्रकाश अधिक शोषला जातो. बूगेर, लांबर्ट आणि बेअर यांनी १७२९ ते १८५२ या काळात मांडलेला नियमच येथे उपयोगी पडतो. ज्ञात मापाच्या द्रावणांशी तुलना केली की अज्ञाताचे माप हाती येते. रंग दोन मिनिटांत उमटतो आणि सुमारे तासभर टिकतो.

तथापि सर्वच प्रथिने या रंगाला सारखी धरीत नाहीत. आर्जिनीन अधिक असलेल्या प्रथिनात निळाई अधिक उमटते. साबणासारखी द्रव्ये मिसळली असतील, तर माप फसते. म्हणून यंत्राने दिलेला आकडा कोणत्या प्रथिनाशी ताडून मिळाला, हे विचारणे अगत्याचे ठरते.

प्रेम्पे १९२४ साली मायदेशी परतला. कुमासी आज स्वतंत्र घानातील मोठे शहर आहे. आणि तिच्या नावाची निळाई देशोदेशींच्या प्रयोगशाळांत प्रथिनांचा हिशेब देत आहे.