इंडिया पेल एलचं कूळ आणि मूळ

जालन्याला एकेकाळी मोठी लष्करी छावणी होती, हे आज जालन्यातही थोड्यांनाच ठाऊक असतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि या मुलखात इंग्रजांचं बस्तान बसलं. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरवर चालून गेलेली जनरल डव्हटनची फौज जालन्याहूनच निघाली होती. पुढे इथं हैदराबाद कंटिंजंटचा तळ पडला. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या अशा छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला उकाड्यात जी बिअर हवीहवीशी वाटे, ती फिकट रंगाची, कडवट, सडसडीत पेल एल. साधा गोरा शिपाई काळी पोर्टर पिई. कंपनी सरकार त्याच्यासाठी पोर्टरच जास्त मागवत असे.

याच पेल एलला पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव चिकटलं. आज जगातल्या बहुतेक छोट्या ब्रुअऱ्यांच्या फळ्यावर ‘आयपीए’ ही तीन अक्षरं असतात. तिच्या जन्माची एक गोष्टही सगळीकडे सांगितली जाते. हिंदुस्थानच्या प्रवासात बिअर नासायची, म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने हॉप्स ही कडवट फुलं जास्त घालून नवी बिअर शोधून काढली, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे, पण खरी नाही. उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे १७६०च्या दशकातच इंग्रज बिअरवाल्यांना माहीत होतं. पेल एल तर त्याही आधीपासून जहाजावर चढत होती. ब्रिटिश बिअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुन्या जाहिराती आणि नोंदी धुंडाळून ही दंतकथा मोडून काढली.

मग हॉजसनचं नाव झालं कशामुळे? जागेमुळे आणि उधारीमुळे. त्याची बो ब्रुअरी १७५२ सालची, ली नदीच्या काठची. कंपनीची जहाजं लागत ते ब्लॅकवॉल तिथून जवळ. जहाजाच्या कप्तानाला स्वतःचा थोडा माल नेऊन विकायची मुभा असे. हॅम, चीज, काचसामान, टोप्या यांच्याबरोबर कप्तान बिअरची पिंपंही घेई. हॉजसन त्याला वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. कप्तानाने मुंबई-कलकत्त्याला माल विकून परत यावं आणि मग पैसे चुकते करावेत, असा व्यवहार. माझ्या मते या बिअरच्या कुळकथेत हॉप्सइतकंच मानाचं पान या उधारीच्या खात्याला द्यायला हवं.

जहाजाच्या पोटात त्या पिंपाचं काय होई, ते मात्र खरोखर नवलाचं आहे. लंडनहून निघालेलं जहाज मदीरावरून दक्षिणेला उतरे, विषुववृत्त ओलांडी, केप ऑफ गुड होपला वळसा घाली आणि पुन्हा विषुववृत्त ओलांडून चार ते सहा महिन्यांनी आपल्या किनाऱ्याला लागे. पिंपात वरून कोरडे हॉप्स घातलेले असत. साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली असे, त्यामुळे नासायला फारसं काही शिल्लकच नसे. वर जहाजाचं सततचं हेलकावणं आणि उष्णता. जी बिअर इंग्लंडच्या तळघरात मुरायला दीड-दोन वर्षं घेई, ती वाटेतच लोणच्यासारखी मुरून येई. या मुरण्यात लाकडात राहणाऱ्या एका रानटी यीस्टचाही हात होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेनने १९०४ साली ते वेगळं करून दाखवलं आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिलं.

हॉजसनच्या वारसांना पुढे हाव सुटली. १८२०च्या सुमारास त्यांनी उधारी बंद केली, भाव चढवले आणि जहाजावरची विक्रीही स्वतःच्या हातात घेतली. कप्तान आणि व्यापारी दुखावले. कंपनीचा एक डायरेक्टर कॅम्पबेल मार्चबँक्स याने १८२२ साली बर्टन-ऑन-ट्रेंटच्या सॅम्युएल ऑलसॉपला जेवायला बोलावलं आणि हॉजसनच्या एलची बाटली त्याच्यापुढे ठेवली. बर्टनची गोडसर, गडद, कडक एल तोवर रशियाला जात असे. त्याच वर्षी रशियाने जकात वाढवली आणि ती बाजारपेठ बसली. ऑलसॉपला नवं गिऱ्हाईक हवंच होतं. १८५३ साली छापलेल्या एका पुस्तकात पुढची हकिकत आहे. ऑलसॉपने नमुना आपल्या जॉब गुडहेड या माल्टवाल्या माणसाला चाखायला दिला. त्या कडूपणाने गुडहेडचं तोंड वाकडं झालं, पण अशी बिअर करता येईल म्हणाला. पहिला प्रयोग त्याने चक्क चहाच्या किटलीत केला.

किटलीत जे जमलं ते बर्टनच्या पाण्याने तडीस नेलं. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, त्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर असतं. त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, कोरडा उतरतो आणि बिअर नितळ होते. लंडनचं पाणी पोर्टरला मानवणारं. ऑलसॉपच्या पाठोपाठ बर्टनचाच दुसरा बिअरवाला बासही उतरला आणि दहा-बारा वर्षांत कलकत्त्याच्या बाजारात बर्टनने हॉजसनला मागे टाकलं. ऑलसॉपला पहिल्या खेपांत तोटा झाला होता, पण पिणाऱ्यांना चव आवडल्याचं पत्र आलं आणि त्याने धीर सोडला नाही. म्हणजे या बिअरची पत सुरुवातीपासून पिणाऱ्यांनीच ठरवली. बर्टनवाल्यांनी त्यांचं ऐकलं, हॉजसनच्या घराण्याने ऐकलं नाही.

याच बर्टनच्या एका नामांकित बिअरवाल्या घराण्यातला एच. जी. मीकिन हिंदुस्थानात आला. एडवर्ड डायरने सुरू केलेल्या सिमला-कसौलीच्या ब्रुअऱ्या त्याने विकत घेतल्या आणि पुढे ज्या ठिकाणी नव्या काढल्या, त्यांत आपली पुण्याजवळची खडकीही होती. पण तोवर बर्फ आणि थंडगार लागरचा जमाना आला होता. एल मागे पडली. इथे तर ती विसरलीच गेली.

इंग्लंडमध्येही ती जवळजवळ विसरली गेली होती. १९७१ साली चौघा तरुणांनी ‘कॅमरा’ ही पिणाऱ्यांची संघटना काढली. पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी, हातपंपाने ओढलेली एल जगवायची, हा त्यांचा निश्चय. त्यांची गुण देण्याची पद्धत मला फार आवडते. शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे पिंपातली एलच नाही, पाच म्हणजे निर्दोष, आणि पाच क्वचितच कुणाच्या वाट्याला येतात. गुण ग्लासातल्या बिअरला मिळतात, म्हणजेच ती तळघरात जपणाऱ्या पबवाल्याला. बनवणारा कितीही निष्णात असो, पिंपाची हेळसांड झाली की गुण गेले.

या चळवळीने मशागत केलेल्या जमिनीत डर्बीशरची थॉर्नब्रिज ही छोटी ब्रुअरी २००५ साली उगवली. तिच्या सर्वांत नावाजलेल्या आयपीएचं नाव आहे ‘जयपूर’. अल्कोहोल ५.९ टक्के, हॉप्स अमेरिकी. पारितोषिकांची तिला ददात नाही. पिणाऱ्यांच्या बक्षिसांवर एक खेड्यातली ब्रुअरी उभी राहिली. बर्टनच्या मार्स्टन्स ब्रुअरीत ओकच्या पिंपांची जुनी ‘युनियन’ आंबवण पद्धत २०२४ साली बंद झाली, तेव्हा त्यातला एक संच थॉर्नब्रिजनेच वाचवून आपल्याकडे नेला. जुन्या विद्येची अशी कदर करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. देवळालीच्या छावणीवरून नाव घेतलेली ही देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानतात. नंतर पुण्या-मुंबईत अनेक निघाल्या, आणि आयपीए आता तिच्या नावातल्या देशात ताजी मिळते. हॉप्स मात्र अजून बहुतांशी परदेशातून येतात आणि धान्य बार्लीच.

इथे जालन्याचा माणूस म्हणून मला एक सांगायचं आहे. १९८८ साली नायजेरियाने बार्लीची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बिअरवाल्यांनी ज्वारीवर बिअर करून दाखवली. मराठवाड्याचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर येतो, पाणी कमी पितो. जिथे २०१६च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी कापावं लागलं, अशा मुलखात ही गोष्ट लहान नाही. पुण्या-मुंबईच्या ब्रुअरीवाल्यांनी एकदा आमच्या शाळूचं माल्ट करून पाहावं. आणि ती एल समोर आली, तर पिणाऱ्यांनी नावाला न भुलता ग्लासातल्या चवीला गुण द्यावेत.