फळ्यावरचा तक्ता

हिशेबाच्या वहीत एक आकडा चुकला म्हणजे काय होते, हे दिवाणजीला सांगावे लागत नाही. चुकलेली रक्कम खोडली, तरी पानाखालची बेरीज, पुढच्या पानावर ओढलेली शिल्लक आणि अखेरचा ताळा, सारेच पुन्हा मांडावे लागते. रोजमेळात हे एक वेळ सोसते; कारण जे घडून गेले तेवढेच तेथे लिहावयाचे असते. परंतु भाव दोन टक्क्यांनी चढले तर पाच वर्षांनी नफा किती राहील, असा अंदाज बांधणाऱ्याची अवस्था बिकट. त्यास एकच तक्ता दहा वेळा नव्याने लिहावा लागे.

१९७८ च्या सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड बिझिनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा एक विद्यार्थी हे दुखणे रोज पाहत होता. प्राध्यापक फळ्यावर उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता मांडीत, आणि एक घर बदलले की ओळीच्या ओळी पुसून पुन्हा लिहीत. ब्रिकलिनने त्यापूर्वी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये मजकूर-लेखनाच्या संगणकांवर काम केले होते. पडद्यावर शब्द दुरुस्त करता येतो, तर आकडा का येऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले.

प्रोग्रॅम प्रत्यक्ष लिहिण्याचे काम त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने अंगावर घेतले. मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन गावी पोटमाळ्यावर बसून तो रात्रभर काम करी आणि दिवसा झोप घेई. कारण दुरून वापरावयाच्या मोठ्या संगणकाचा दर रात्री स्वस्त पडे. १९७९ च्या जानेवारीत दोघांनी सॉफ्टवेअर आर्ट्स ही कंपनी काढली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आले. विक्रीचे काम पर्सनल सॉफ्टवेअर या दुसऱ्या कंपनीकडे होते. किंमत सुमारे १०० डॉलर.

हा तक्ता ६३ स्तंभांचा व २५४ ओळींचा. प्रत्येक घरात आकडा, शब्द किंवा सूत्र. एक आकडा बदलावा, की त्यावर अवलंबून असलेली घरे आपोआप बदलत. ज्या ‘अ‍ॅपल टू’ यंत्रावर तो प्रथम चालला, त्याच्या पडद्यावर एका ओळीत अवघी ४० अक्षरे मावत. तेव्हा सारा तक्ता खिडकीच्या फटीतून पाहावा तसा तुकड्यातुकड्यांनी पाहावा लागे. बाणाच्या कळाही दोनच, डावी आणि उजवी. वरखाली जावयाचे तर शब्दांमधील जागा सोडणारी लांब कळ दाबून त्याच बाणांची दिशा बदलावयाची!

आणखी एक गोम होती. यंत्र ठराविक क्रमाने, ओळीओळीने किंवा स्तंभास्तंभाने, हिशेब करी. वरचे एखादे घर खालच्या घरावर अवलंबून असले, तर हिशेब पुन्हा एकदा करवून घ्यावा लागे; नाहीतर जुनाच आकडा पडद्यावर राही, आणि तोही तितकाच नीटनेटका दिसे. कारकुनाच्या खोडाखोडीत शंकेला निदान जागा तरी होती.

तोवर मोठ्या कंपन्यांतील संगणक वेगळ्या खोलीत, वेगळ्या खात्याच्या ताब्यात असत. साध्या अंदाजपत्रकासाठीही त्या खात्याची वाट पाहावी लागे. छोटा संगणक हा मुख्यतः हौशी लोकांचा खेळ समजला जाई. आता १०० डॉलरांच्या प्रोग्रॅमसाठी दोन-तीन हजार डॉलरांचे यंत्र घेणारे व्यवस्थापक आणि हिशेबनीस दुकानांत येऊ लागले. घोड्यासाठी नाल घेण्याऐवजी नालेसाठी घोडा घेण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा.

कर्त्यांच्या पदरात मात्र त्या मानाने थोडेच पडले. त्या काळी अमेरिकेत प्रोग्रॅमवर पेटंट मिळण्याची आशा फारच थोडी होती, म्हणून त्यांनी ते मागितलेच नाही. साहजिकच नकला निघाल्या. १९८१ साली आयबीएमने आपला छोटा संगणक विक्रीस आणला. त्या यंत्रासाठी मिच केपॉर याच्या कंपनीने १९८३ च्या जानेवारीत ‘लोटस १-२-३’ काढले. ते अधिक वेगवान होते आणि आलेखही काढी. हा केपॉर पूर्वी पर्सनल सॉफ्टवेअरसाठीच प्रोग्रॅम लिहीत असे. त्याच वर्षी व्हिजिकॅल्क लिहिणारी आणि विकणारी या दोन कंपन्या एकमेकींविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिल्या, आणि ऐन स्पर्धेची वेळ तंट्यात गेली.

१९८५ साली लोटस कंपनीने सॉफ्टवेअर आर्ट्सची मालमत्ता विकत घेतली आणि व्हिजिकॅल्कची विक्री थांबवली. स्तंभांस अक्षरे व ओळींस क्रमांक देण्याची त्याची रीत मात्र पुढील बहुतेक तक्त्यांनी जशीच्या तशी उचलली.