खांदेरी : किल्ल्यापासून पाणबुडीपर्यंत

1679 साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्यांच्या आरमारातले मायनाक भंडारी खांदेरी बेटावर उतरले आणि तटबंदीला हात घातला. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी, म्हणजे इंग्रजांच्या नाकासमोर. त्यांनी जहाजं आणून बेटाची कोंडी केली. पण ती जहाजं शिडांची, वारा पडला की जागेवर खिळायची. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री काळोखात, उथळ पाण्यातून त्या पहाऱ्यामधून निसटत आणि बेटावर रसद पोचवत. ऑक्टोबरात मराठ्यांचा सरदार दौलतखान याचं आरमार इंग्रजांना थेट भिडलं आणि त्यांचं ‘डव्हर’ हे गुराब जातीचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला. किल्ला उभा राहिला तो त्या रात्रीच्या होड्यांमुळे, असं माझं मत आहे.

म्हणून हे नाव पाणबुडीला शोभतं. पहिली ‘खांदेरी’ सोव्हिएत बनावटीची. 6 डिसेंबर 1968 रोजी रिगा बंदरात ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि वीस वर्षांहून अधिक सेवा करून ऑक्टोबर 1989 मध्ये निवृत्त झाली. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तशी नौदलाची रीत आहे : नौका मोडीत निघते, नाव राहतं. कलवरी, करंज, वेला, वागीर, वागशीर ही पाणबुड्यांची नावंही अशीच दुसऱ्यांदा पाण्यात उतरली.

दुसरी ‘खांदेरी’ मात्र घरची. आराखडा फ्रेंच, बांधणी माझगाव डॉकची. 28 सप्टेंबर 2019 रोजी ती मुंबईत नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे 67 मीटर. पोटात बॅटरीचे 360 सेल, एकेक साडेसातशे किलोचा. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे खोल पाण्यात ते बंद. बॅटरी भरून घ्यायची, मग बुडी मारून केवळ विजेच्या मोटरवर, आवाज न करता सरकायचं. शत्रूच्या पहाऱ्यातून निसटण्याची विद्या तीच, जवळजवळ साडेतीनशे वर्षांत साधनं तेवढी बदलली.

2025 मध्ये खांदेरी किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आमच्या केळझर गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; इथल्या कित्येक मुलांनी तो पाहिलेलाही नाही. शिक्षकांना विनंती आहे : सहल अलिबागला नेलीत तर थळच्या किनाऱ्यावर जरूर थांबा. खांदेरी तिथून दिसते.