मालाचा आकार कोण ठरवतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अमरावतीहून नागपूरकडे निघालात की महामार्गावर नांदगाव पेठ लागते. गावाच्या नावातच बाजार आहे. आज या परिसरात औद्योगिक वसाहत आहे, वस्त्रोद्योग पार्क आहे. केंद्र सरकारच्या पीएम मित्र योजनेतील अमरावतीच्या पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली, तो पार्कही इथलाच. एका बाजूने वऱ्हाडचा कापूस आत यावा आणि दुसऱ्या बाजूने तयार माल देशोदेशी जावा, अशी यामागची कल्पना आहे. पण माल जायचा तर तो कशात बांधून जायचा, किती वजनाचा आणि कोणत्या आकाराचा, हे कोण ठरवणार? हा प्रश्न किरकोळ वाटतो. वऱ्हाडच्या बाजाराचा इतिहास मात्र बऱ्याच अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

आज हा प्रश्न ‘पॅलेट’ या शब्दाबरोबर येतो. पॅलेट म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिकची, खाली पोकळी असलेली चौकट. त्या पोकळीत फोर्कलिफ्टचे दोन दांडे शिरतात आणि वरचा सगळा माल एकदम उचलला जातो. मोठ्या घाऊक दालनांत ही चौकट गोदामातून थेट विक्रीच्या जागी आणून ठेवतात. खोकी सोडून फळीवर माल मांडणारा माणूस तिथे नसतो. पॅलेट हीच वाहतुकीची गाडी आणि तेच दुकानातले फडताळ. म्हणून ते कसे रचावे याचे कडक नियम असतात, आणि नियमात न बसणारा माल दारातून परत जाऊ शकतो.

आता थोडे मागे जाऊ. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरकडे जात असे. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने १८४२ मध्ये एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या काळी मालाचा आकार बैलाच्या पाठीने ठरवला होता. दोन्ही अंगांना सारखा भार यावा आणि मुक्कामाला तो चटकन उतरवता यावा, एवढेच पाहायचे. सैल बांधलेल्या या बोज्यांना डोकडे म्हणत. वाटेत पाऊस लागे, धूळ बसे आणि मुक्कामोमुक्कामी कापूस थोडा थोडा कमी होई.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. मार्च १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा रेल्वे फाटा आणि तिथला कापूस बाजार सुरू झाला. आता मालाचा आकार आगगाडीचा डबा आणि जहाजाचे पोट ठरवू लागले. जहाजात जागा मोजून भाडे लागते, तेव्हा सैल कापूस पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे. त्यामुळे वाफेवर चालणारे दाबयंत्र आले, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ आली. तिलाच आपण गठाण म्हणतो. मुंबईच्या व्यापारात ७८४ पौंडांची खंडी आणि तिच्या निम्मी, म्हणजे ३९२ पौंडांची गाठ, असा हिशेब रूढ झाला. आजही आपल्याकडे रुईचा भाव ३५५.६२ किलोच्या खंडीवर निघतो. ती हीच ७८४ पौंडांची खंडी. गाठ आता १७० किलोची धरतात. राज्य बदलले, किलोग्रॅम आले, पण त्या काळचे माप अजून बाजारात वावरते आहे.

माप ठरले की त्यातली लबाडीही ठरते. कापसात सरकी, माती, पाणी मिसळण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १८२९ आणि पुन्हा १८६३ मध्ये कायदे झाले. त्यांचा रोख खरेदीदाराच्या संरक्षणावर होता. इंग्लंडमधल्या गिरणीवाल्याला शुद्ध माल मिळावा, ही त्यामागची काळजी. पण कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्याचे काय? त्याची गाडी बाजारात उभी राही, तिथे काटा व्यापाऱ्याचा, मापारी व्यापाऱ्याचा आणि वजनातली सूटही व्यापारी सांगेल ती.

या बाबतीत वऱ्हाडने देशाला एक वाट दाखवली, हे आपण सहसा विसरतो. १८८६ मध्ये कारंजा येथे, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीला समिती आली, दलाल आणि मापारी परवान्याखाली आले. मूळ हेतू पुन्हा गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हाच होता, आणि समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. पण एक गोष्ट बदलली. मापाचा नियम कागदावर आला, सर्वांसमोर आला. जो नियम जाहीर असतो, त्याविरुद्ध तक्रार करता येते. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा हा अनुभव त्याच्यापुढे होता.

१९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. दाबलेल्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे, असे त्याने सांगितले. गाठ कुठेही गेली तरी ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे कळावे, हा उद्देश. आज खोक्यावर जी काळ्या रेघांची बारकोड पट्टी असते, तिच्या नात्यातलीच ही खूण. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो जून १९७४ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. मालाला नाव-गाव चिकटवण्याची सक्ती अकोला, अमरावती, खामगावच्या प्रेसमध्ये त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी आली होती.

याच सत्तरच्या दशकात अमेरिकेत विक्रीची नवी तऱ्हा सुरू झाली. सोल प्राइस या व्यापाऱ्याने १९७६ मध्ये सॅन दिएगो शहरात, पूर्वी विमानांच्या कामासाठी वापरल्या गेलेल्या इमारतीत ‘प्राइस क्लब’ उघडला. सुरुवातीला सदस्यत्व फक्त छोट्या व्यावसायिकांना होते. ठरावीक फी भरायची, आत जायचे आणि पॅलेटवरून माल उचलायचा. सजावट नाही, फडताळे नाहीत, आणि म्हणून भाव कमी. १९८३ मध्ये वॉलमार्टने ‘सॅम्स क्लब’ काढला. त्याच वर्षी सिएटलला ‘कॉस्टको’ सुरू झाले, आणि १९९३ मध्ये प्राइस क्लब व कॉस्टको एकत्र आले. अशा दालनात साधारण ४,००० च्या आसपासच वस्तू असतात. नेहमीच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये त्या कित्येक पटींनी अधिक असतात. जागा थोडी आणि उमेदवार फार, त्यामुळे अटी घालण्याची ताकद दालनाकडे आली.

आपल्या देशात परकीय कंपन्यांना घाऊक व्यापारात १९९७ मध्ये सरकारी परवानगीने वाट मिळाली आणि २००६ मध्ये ती आणखी मोकळी झाली. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने २००३ मध्ये बंगळूरला पहिले दालन उघडले. भारती आणि वॉलमार्ट यांनी मिळून ‘बेस्ट प्राइस’ या नावाचे पहिले दालन २००९ मध्ये अमृतसरला काढले. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबादला आणि आपल्या अमरावतीलाही ते आले. इथे घरगुती गिऱ्हाइकाला प्रवेश नव्हता. किराणा दुकानदार, खानावळी, हॉटेले, संस्था हेच सदस्य. २०१३ मध्ये भारती आणि वॉलमार्ट वेगळे झाले आणि २०२० मध्ये हा घाऊक व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला. मालक बदलत राहतात. पॅलेटचे शास्त्र मात्र तेच राहते, आणि ते समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

आता जरा हिशेब करून पाहू. आपल्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरचे पॅलेट सर्रास वापरतात. अकोल्याच्या एखाद्या डाळमिलवाल्याने बाहेरून ४०० बाय ३०० मिलिमीटरचे खोके घेतले, तर एका थरात बरोबर १० खोकी बसतात आणि बोटभर जागा वाया जात नाही. त्याने खोके ४२० बाय ३१० चे केले, म्हणजे लांबीत २ सेंटिमीटर आणि रुंदीत १ सेंटिमीटर वाढवले, तर सरळ ओळींत ८ च बसतात. प्रत्येक थरामागे दोन खोकी कमी, म्हणजे ट्रकचे भाडे जवळपास तेच आणि माल पाचव्या हिश्शाने कमी. जहाजातल्या हवेचे भाडे भरण्याचीच ही गोष्ट आहे.

दुसरा नियम कडेचा. खोके पॅलेटच्या बाहेर डोकावता कामा नये. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या चार कोपऱ्यांत असते. कोपरा अधांतरी राहिला की वरचा भार त्याला पेलत नाही. तिसरा नियम रचनेचा. गवंडी विटा सांधे मोडून रचतो, तसे खोके रचावे असे आपल्याला वाटते. त्याने थर घसरत नाहीत हे खरे, पण कोपऱ्याखाली कोपरा येत नाही आणि खोक्याची भार पेलण्याची शक्ती जवळजवळ निम्मी होते. म्हणून खालचे थर कोपऱ्यावर कोपरा ठेवून उभे रचतात आणि वरचा एखादा थर फिरवून घेतात, किंवा चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या काटकोनी पट्ट्या लावून वर प्लास्टिकची पातळ झिल्ली गुंडाळतात. ओल हा चौथा शत्रू. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. उन्हाळ्यात अकोल्यात ताठ उभे राहिलेले पॅलेट पावसाळ्यात कोकणातल्या गोदामात खाली बसू शकते.

हे झाले भाराचे. पुढचे नियम गिऱ्हाइकाचे. निदान तीन बाजूंनी माल दिसावा आणि हाताला यावा. खोक्याची पुढची बाजू सुरी न लावता फाडता यावी. दुरून नाव वाचता यावे, आणि माल अर्धा संपला तरी रचना कोसळू नये. परदेशी माल पाठवायचा तर लाकडी पॅलेटलाही दाखला लागतो. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ मध्ये ठरला. नांदगाव पेठेतून कापड बाहेर जायचे असेल, तर त्याखालच्या लाकडालाही अशी परीक्षा द्यावी लागेल.

यातला कोणताही नियम मुळात वाईट नाही. त्यामागे शास्त्र आहे आणि नासधूस टाळण्याचा हेतू आहे. गोम वेगळ्या ठिकाणी आहे. वजन-मापाचे आणि वेष्टनावरील मजकुराचे नियम सरकारचे असतात. ते राजपत्रात छापले जातात आणि त्यांवर दाद मागता येते. सध्याचे वेष्टित वस्तूंचे नियम २०११ चे आहेत, त्याआधी १९७७ चे होते. पॅलेटचे नियम मात्र प्रत्येक खरेदीदार आपापले करतो. एकाची उंची वेगळी, दुसऱ्याचे लेबल वेगळे. ते बहुधा इंग्रजीत असतात आणि खरेदीदाराला वाटेल तेव्हा बदलतात. मोठ्या कंपनीकडे यासाठी माणसे असतात. मेळघाटचा मध भरणारा बचत गट, वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा रस काढणारा छोटा उद्योजक, पापड-लोणची करणाऱ्या बाया यांच्याकडे ती नसतात. त्यांचा माल चवीत कमी पडत नाही, तो खोक्यात कमी पडतो. नापास झालेल्या पॅलेटचे जाण्या-येण्याचे भाडे ज्याच्या अंगावर पडते, त्याचा वर्षाचा नफा एका फेरीत जाऊ शकतो.

कारंज्याच्या बाजाराने जे शिकवले ते इथे उपयोगी पडते. माप खरेदीदाराने ठरवले म्हणून विकणारा बुडतोच असे नाही. माप गुप्त आणि एकतर्फी राहिले, तर मात्र तो बुडतो. तेव्हा काटा समितीच्या नजरेखाली आला, आता पॅलेटचे नियम छोट्या उत्पादकाच्या नजरेखाली यायला हवेत. मुंबईत १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. तिथे खोक्याची ताकद तपासून मिळते, प्रशिक्षण मिळते. पण अचलपूरच्या बचत गटाला मुंबई लांब पडते. अमरावती-अकोल्याच्या औद्योगिक वसाहतींत खोके दाबून पाहण्याचे एखादे यंत्र सर्वांसाठी ठेवता येईल. खरेदीदारांच्या अटी मराठीत करून जिल्हा उद्योग केंद्रात लावता येतील. दहा गटांनी मिळून एकाच मापाचे खोके ठरवले, तर पुठ्ठाही स्वस्त पडेल आणि एका पॅलेटवर दहा जणींचा माल जाऊ शकेल.

आपल्या पूर्वजांनी कापूस उत्तम पिकवला. त्याचे माप मात्र मुंबई आणि लँकेशायरने ठरवले, आणि ते समजून घेऊन आपल्या बाजूला वळवायला वऱ्हाडला बरीच वर्षे लागली. या वेळी तेवढा उशीर होऊ नये. माल तयार करण्याआधी त्याचे खोके कोणत्या चौकटीत बसणार आहे, हे विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी. आणि ती चौकट जिथे अन्यायाची वाटेल, तिथे ती बदलून मागायलाही शिकायला हवे.