'येतं काय?' हा रकाना : जामखेडच्या बायकांची गोष्ट

आज सुरुवात माझ्या आजीपासून करतो. आजीनं गावात किती बाळंतपणं केली, कुणी मोजलेलं नाही. पण सरकारी कागदावर ती कायम 'निरक्षर, घरकाम' अशीच राहिली. फॉर्ममध्ये 'शिक्षण किती?' हा रकाना असतो, 'येतं काय?' हा नसतो. एका तालुक्यात मात्र हा दुसरा प्रश्न खरंच विचारला गेला. तीच आजची गोष्ट.

साल 1970. ठिकाण जामखेड, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. दुष्काळी मुलूख. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं इथे काम सुरू केलं. दोघं वेल्लोरला डॉक्टर झालेले, पुढे अमेरिकेत शिकून आलेले. तेव्हा या भागात हजार बाळांमागे सुमारे 176 बाळं वर्षाच्या आतच दगावत होती. जुलाब, धनुर्वात, कुपोषण... म्हणजे बहुतेक टाळता येण्यासारखी कारणं.

आरोळेंनी आधी प्रशिक्षित नर्स गावांत पाठवल्या. जमलं नाही. परगावच्या तरुण मुलीला खेड्यात एकटं राहणं अवघड, आणि गावातल्या बायका तिच्याशी मोकळेपणानं बोलेनात. मग विचार उलटा फिरला : बाहेरून माणूस आणण्यापेक्षा गावातलीच बाई शिकवली तर?

निवड गावानंच करायची होती. निवडलेल्यांत कितीतरी जणी दलित होत्या, कितीजणींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण नीट बघा, त्यांच्याकडे काय होतं. कोणत्या घरातली सून गरोदर आहे, हे त्यांना आधी कळायचं. कुठल्या घरात चूल पेटली नाही, तेही. मूल आजारी पडलं की आई कुणाच्या दारात जाते, हेही. डॉक्टरकडे औषध होतं, पण त्या घरात पाऊल टाकायची मुभा या बाईला होती.

ठरलेल्या दिवशी त्या जामखेडला यायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र मुक्काम करायच्या. त्या काळात हे सोपं नव्हतं बरं का! तिथे त्या काय शिकल्या? गरोदर बाई तपासणं, स्वच्छ बाळंतपण, मुलांची वजनं, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं. लिहिता येत नसलं तरी लक्षात ठेवणं त्यांना पक्कं येत होतं.

पुढच्या काही दशकांत तिथला बालमृत्यूदर झपाट्यानं उतरला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचं काम आलं, 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातली सगळ्यात अवघड गोष्ट डॉक्टरांच्या बाजूची वाटते. 'तुला येतं' असं नुसतं म्हणून भागत नाही. आपल्या हातातलं काही काम आणि त्याबरोबरचा मान तिच्याकडे द्यावा लागतो. तो त्यांनी दिला.

आता आजच्या काळात या. 2005 पासून देशभर आशाताई आल्या. गावातलीच बाई गावाचं आरोग्य बघेल, हीच कल्पना. पण निवडीत शिक्षणाची अट आली. सुरुवातीला आठवीपर्यंतची, तीही योग्य बाई मिळत नसेल तर शिथिल होणारी. रजिस्टर भरायचं, मोबाइलवर माहिती टाकायची, तर अट समजू शकते. तरीही जामखेडच्या पहिल्या कितीतरी जणी त्या फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात अडल्या असत्या, हे डोक्यातून जात नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. मोबाइलमध्ये नोट उघडा. आपल्या गल्लीतली, वाडीतली दहा नावं लिहा आणि समोर डिग्री न लिहिता एकच गोष्ट लिहा : रात्री दोन वाजता लोक यांचं दार कशासाठी वाजवतात?

माझ्या यादीत पहिलं नाव आजीचं आहे. ती आता नाही, पण रकाना भरून ठेवलाय.

भेटू पुढच्या भागात!