फाळक्यांची धरसोड

सर्जनशीलता शिकता येते का, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं: ‘ते अंगातच असावं लागतं.’ दाखल्याला दादासाहेब फाळके. ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना भारतीय चित्रपट सुचला. गोष्ट खरी आहे, फक्त ती फार उशिरा सुरू होते.

फाळक्यांचा जन्म १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. तो मूकपट पाहिला तेव्हा ते चाळिशीला आले होते. तोवर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट झालं होतं, बडोद्याचं कलाभवन झालं होतं. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, एका जर्मन जादूगाराकडून शिकलेली हातचलाखी, मग छापखाना आणि त्यापायी जर्मनीची वारी. नातेवाइकांनी याला सरळ ‘धरसोड’ म्हटलं असणार. (दर दोन वर्षांनी देश बदलणाऱ्या माझ्यासारख्या पोस्टडॉकच्या कानांना हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे.) पण प्रकाश, रसायनं, नेपथ्य, बघणाऱ्याची नजर चुकवणं, हे सगळं त्या धरसोडीतच हाताखालून गेलं.

१९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. आल्या आल्या हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर तो अंकुर बघता बघता वाढला, आणि भांडवल देणारा माणूस पटला. मला ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षा हा वाटाणाच जास्त बोलका वाटतो.

शिकले ते एकटे नव्हते. सरस्वतीबाई घरच्या घरी फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहातले साळुंके उभे राहिले. १९१३च्या त्या तारामतीने १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. आचाऱ्याच्या अंगात सीता आधीपासून होती, असं कोणी म्हणणार असेल तर माझा नाइलाज आहे.

मात्र शिकलेलं जन्मभर पुरत नाही. बोलपट आला तेव्हा फाळके साठीच्या घरात होते. ‘गंगावतरण’ हा बोलपट त्यांनी १९३७ साली कोल्हापुरात केला. प्रतिभा आटली, असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, मूकपटात कॅमेऱ्यापासून फिल्म धुण्यापर्यंत प्रत्येक काम त्यांनी स्वतः केलेलं होतं. आवाजाचं यंत्र मात्र दुसऱ्यांच्या हाती होतं. त्यानंतर त्यांनी चित्रपट केला नाही. १९४४ साली नाशकात ते वारले.