शाल, श्रीफळ आणि बारा रुपये

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गणपती गेले आणि तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्काराचा कार्यक्रम पार पडला. फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेच असतील. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मागे मोठा फ्लेक्स, फ्लेक्सवर शिक्षकांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. मी तिथे होतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा नंबर लागला होता, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचे आम्ही चार-पाच जण गेलो होतो.

कार्यक्रम झाल्यावर मी बाईंना म्हटलं, "बाई, अभिनंदन. पेढे कधी देताय?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "देते हो दादा. पण आधी टीईटीचा अभ्यास कुठून सुरू करायचा ते बघते."

मला आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे अशा शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. बाई २००१ ला शिक्षण सेवक म्हणून लागल्या. त्यांनी डीएड केलं, तेव्हा टीईटी नावाची परीक्षा अस्तित्वातच नव्हती. ती अट २०१० ला आली. चोवीस वर्षं शिकवून झाली, अजून अकरा वर्षं शिल्लक आहेत. म्हणजे एकाच महिन्यात बाई 'आदर्श' पण ठरल्या आणि 'पात्र आहात का, ते सिद्ध करा' हेही ऐकून बसल्या.

आता मी काही टीईटीच्या विरोधात नाही. माझ्या पोराला शिकवणाऱ्याला गणित आलंच पाहिजे. कोर्टानेही कायदा बघूनच निकाल दिलाय. पण त्या रात्री घरी आल्यावर मला एक प्रश्न पडला: आपण मास्तरांचा मान करतो म्हणजे नेमकं काय करतो? आणि हे कधीपासून असंच चाललंय? मग जुनी पुस्तकं काढली. त्यात जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात पुण्यापासून. नोव्हेंबर १८५२. विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने जोतीराव फुल्यांचा जाहीर सत्कार झाला. मुलींच्या शाळा काढल्याबद्दल मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते शालजोडी दिली गेली. म्हणजे आपली शाल तेव्हापासूनची आहे! पण त्या सत्काराच्या मागे काय होतं तेही बघा. भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची. तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडत होतं आणि दोघांना घर सोडावं लागलं होतं. सरकारचा सत्कार चार वर्षांनी आला. आज राज्य शिक्षक पुरस्कार सावित्रीबाईंच्याच नावाने दिला जातो, हे बरंच आहे.

पण मला त्या सत्कारापेक्षा जोतीरावांचा एक कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. साल १८८२. इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीरावांनी त्या आयोगापुढे निवेदन दिलं. तीस वर्षांपूर्वी ज्याच्या खांद्यावर शाल टाकली होती, त्या माणसाने मास्तरांसाठी काय मागितलं? सत्कार नाही मागितला. पगार मागितला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. खेड्यातल्या मास्तराला महिन्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्या. वर कामाप्रमाणे भत्ता द्या. मास्तर शेतकरी समाजातून तयार करा, जो वेळ आली तर पुस्तक बाजूला ठेवून नांगर धरेल, सुताराचं हत्यार हातात घेईल आणि गावातल्या माणसांत मिसळेल. आणि त्याला गावात वजन यावं म्हणून गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, पोस्ट, स्टॅम्पविक्री अशी कामं त्याच्याकडे द्या.

ही शेवटची ओळ परत वाचा. मास्तरांना शाळेबाहेरची कामं द्या असं खुद्द जोतीराव म्हणत होते! पण कशासाठी? त्या कामाने चार पैसे मिळतील, गाव त्याच्याकडे येईल, त्याचा शब्द पडू देणार नाही म्हणून. आज आपण काय केलंय ते पुढे सांगतो.

या निवेदनात आणखी एक दुखणं आहे, पैशाचं. त्या काळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत होते. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जायचा. म्हणजे खेड्यातली शाळा ही सरकारची मेहेरबानी नव्हती, ती आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी साऱ्याबरोबर भरलेल्या आण्यावर उभी होती. जोतीरावांचा राग हाच, की पैसा रयतेचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातल्या मास्तराला मात्र तुटपुंजा पगार.

त्याच काळात दुसरी एक पद्धत होती. निकालावर अनुदान. साहेब शाळेत येणार, पोरांची परीक्षा घेणार, पास किती झाले त्यावर पैसे ठरणार. तो आपला प्रसिद्ध 'दिपोटी' त्याच काळातला. डेप्युटी इन्स्पेक्टर. जुन्या माणसांना विचारा, दिपोटी येणार म्हटलं की शाळा शेणाने सारवली जायची, पोरं अंघोळ करून यायची आणि मास्तरांचा घसा कोरडा पडायचा. पोरांना वर्षभर काय आलं यापेक्षा दिपोटीसमोर त्या दिवशी काय आलं याला किंमत. हा रोग आपल्याकडे तेव्हा शिरला, आणि आजची व्हिडिओ कॉन्फरन्स म्हणजे मला तरी दिपोटीचाच नातू वाटतो.

पुढे शाळा कुणाची, हे बदलत गेलं. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या आणि म्युनिसिपालिट्यांच्या ताब्यात आल्या. माझी आजी शेवटपर्यंत 'बोर्डाची शाळा' म्हणायची, ते याच्यामुळे. १९४७ ला नवा कायदा झाला आणि जिल्हा स्कूल बोर्डं आली. मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळेच्या पाटीवर 'जि. प.' आलं.

या काळातला मास्तर कसा होता हे बघायचं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचा. १९५५ चं पुस्तक आहे. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा एकशिक्षकी, आणि हळूहळू वाडीच्या सगळ्याच भानगडी त्याच्या दारात येतात. फुल्यांच्या मनातला मास्तर थोडाफार असाच असावा. पगार फाटका, पण वाडीत त्याच्या शब्दाला वजन.

आता पुरस्कारांकडे येतो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ ला सुरू झाले. ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन १९६२ पासूनचा. राज्याचे आणि जिल्ह्यांचे पुरस्कारही आले. तेव्हा पुरस्काराबरोबर आगाऊ वेतनवाढ मिळायची. म्हणजे मान कागदावर न राहता पगारात दिसायचा. हे फुल्यांच्या मागणीला धरूनच होतं. पुढे ती वेतनवाढ बंद पडली, राज्य पुरस्काराला एकरकमी पैसे आले आणि जुन्या वेतनवाढीसाठी शिक्षकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

राष्ट्रीय पुरस्कार एकेकाळी तीनशेच्या वर असायचे. २०१८ ला नियम बदलले, संख्या पन्नासच्या आत आली आणि शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असं ठरलं. वशिला कमी व्हावा हा हेतू, तो चांगलाच. पण खाली आपल्या पातळीवरही 'प्रस्ताव' द्यावाच लागतो. आमच्या बाईंनी दिलेली फाईल मी बघितली. फोटो, बातम्यांची कात्रणं, प्रमाणपत्रं. बाई म्हणाल्या, "फाईल करायला तीन रविवार गेले." आणि एक गोष्ट मला लागली. त्या फाईलबद्दल एकाही पालकाला कुणी काही विचारलं नाही. ज्या पोराला बाईंनी तिसरीत वाचायला शिकवलं, त्याच्या आईचं मत कुठल्याच रकान्यात नाही.

आपल्या शेजारच्या सोलापूरचं उदाहरण घ्या, असं मला कुणीतरी म्हणेलच. खरंय. माढा तालुक्यातलं परितेवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० ला दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. छाती फुगली होती आपली. पण २०२२ च्या सुरुवातीला तेच गुरुजी परत बातम्यांत होते, फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी परदेशी जायच्या रजेवरून. त्या वादात कोण बरोबर, त्यात मी पडत नाही. मी फक्त एवढंच बघितलं की जगाने गौरवलेला मास्तरसुद्धा शेवटी रजेच्या अर्जावर येऊन थांबतो.

आणि आता फुल्यांची ती ओळ. शाळेबाहेरची कामं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये. अपवाद तीन: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आता या तीन अपवादांचा पसारा बघा. मतदार याद्यांसाठी बीएलओ मास्तर. २०२६ ची जनगणनेची घरयादी, तिथेही मास्तरच. त्याशिवाय युडायस, आधार, अपार आयडी, पोषण आहाराचा तांदूळ मोजणे, त्याचा रोजचा आकडा मोबाइलवर भरणे. दोन शिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला की चार वर्ग एकाकडे. फुल्यांना मास्तरांच्या हाती गावचे हिशेब हवे होते, कारण त्याने मान वाढला असता. आपण हिशेब दिले, मान काढून घेतला.

पगाराचंही तेच. कायम शिक्षकाला आज चांगला पगार आहे, हे मान्य. पण २००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो, मानधनावर. प्राथमिकला हे मानधन कित्येक वर्षं सहा हजार होतं. २०२३ ला सोळा हजार झालं. सहा हजारात शहरात खोली घेऊन राहिलेला मास्तर मला माहीत आहे. गावाकडून डबा यायचा त्याला.

हे सगळं कुणाला विचारायचं? पूर्वी जिल्हा परिषदेचा सदस्य असायचा, शिक्षण समिती असायची, गाठून भांडता यायचं. २०२२ पासून काही वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांत निवडून आलेला माणूसच नव्हता, प्रशासक होता. त्यात सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असेल तर शिक्षकच मंजूर नाही, असा शासन निर्णय मार्च २०२४ चा. आमच्या शाळेचा सातवीपर्यंतचा पट काठावर आहे. पुढच्या वर्षी चार पोरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की संपलं. मग आदर्श बाईही 'अतिरिक्त' ठरणार आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पुरस्कार द्या, जरूर द्या. बाईंच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं, ते खोटं नव्हतं. पण मास्तरांचा मान एका दिवसात होत नाही. त्याला वर्गात शिकवायला वेळ मिळाला, पहिल्या वर्षापासून जगण्याइतका पगार मिळाला आणि गाव त्याच्या मागे उभं राहिलं, तर तो मान. १८८२ चा कागद हेच सांगतो आणि तो अजून जुना झालेला नाही.

आपल्या हातात काय आहे? शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती? गेल्या वर्षी आपले शिक्षक किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर होते? आणि त्या दिवशी पोरांना कुणी शिकवलं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आम्ही आमच्या बैठकीत घेणार आहोत, आकडे आले की इथेच टाकतो.

आणि हो, आमच्या समितीने अजून एक ठरवलंय. बाईंना टीईटी होईपर्यंत रोज संध्याकाळी मोकळा वेळ मिळावा म्हणून ऑनलाइन माहिती भरायचं काम गावातली दोन कॉलेजची पोरं करणार. बाई सही करतील. नियमात बसतं का, ते केंद्रप्रमुखांना विचारलंय. बसलं नाही तर तांदूळ तरी आम्ही मोजू.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आपल्या शाळेचा पट किती आहे ते आधी बघून या.